एका बैठ्या खेळाची बोली



प्रत्येक धंद्याला जशी आपली स्वतंत्र परिभाषा असते, तशीच ती प्रत्येक खेळालाही असते. आपल्याकडे विटीदांडू खेळणारी मुले ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ अशी मोजणी करीत असत. हे शब्द म्हणजे तेलुगू भाषेतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ ह्या आकड्यांनी मराठी अंगणात येऊन घेतलेली रूपे होत, ही गोष्ट त्या मुलांच्या गावीही नसे. लपंडावात ज्याच्यावर ‘राज्य’ येते त्याच्याइतका केविलवाणा प्राणी त्या घटकेला दुसरा कोणी नसतो. आणि धाकट्या भावंडाला खेळात घ्यावयाचे, पण ते बाद झाले तरी बाद धरावयाचे नाही, हा सगळा करारनामा ‘कच्चा लिंबू’ एवढ्या दोन शब्दांत मावतो. ज्याला खेळ ठाऊक आहे त्याला ह्यात काही नवल वाटत नाही. ज्याला खेळ ठाऊक नाही त्याच्या कानी मात्र हेच शब्द पडले, तर तो त्यांचा काय अनर्थ करील ह्याचा नेम नाही. तसा अनर्थ प्रस्तुत लेखकाच्या हातून एकदा घडला, आणि हा लेख म्हणजे त्या प्रमादाची अंशतः परतफेड आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात मी व्याकरणाचा तास घेत असता मागील बाकावरील एका मुलाच्या वहीतून घडी घातलेला एक कागद खाली पडला. मी तो उचलून पाहिला. त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पुढील मजकूर लिहिलेला होता : ‘आजी पडली. एचपी शून्य. दोन फेल. तिसरे फेल झाले की मेली. बाकीच्यांना तळघरात सोडून पळावे का?’ तो वाचून माझे हातपाय गार पडले. मुलाला बाजूला घेऊन आधी विचारावे एवढेही भान मला राहिले नाही. मी त्याच्या वडिलांनाच बोलावणे पाठविले. ते बिचारे हातातले काम टाकून धावत आले. घरची आजी सुखरूप होती. निघताना तिला भाजी निवडीत बसलेली पाहून आलो, असे ते म्हणाले. तेव्हा मुलाने खाली मान घालून सांगितले, “सर, ती आजी म्हणजे मीच. आमच्या शुक्रवारच्या गेममधली.” हा खुलासा ऐकताच माझ्या भीतीचे रूपांतर रागात झाले, आणि वडिलांच्या देखत मी तो कागद फाडून केराच्या टोपलीत टाकला.

त्या मुलाने तक्रार केली नाही. फक्त माझ्या तासाला हात वर करणे त्याने सोडून दिले. वर्गातला सर्वांत चौकस मुलगा दोन महिने मुका बसला, तेव्हा मला माझीच लाज वाटू लागली. अखेर एके दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला व त्याच्या तीन सोबत्यांना थांबवून घेतले आणि म्हणालो, “मला हा खेळ समजावून सांगा.” त्या दिवशी त्यांनी जे सांगितले, आणि पुढे मी स्वतः वाचून जे पडताळून पाहिले, ते येथे मांडीत आहे.

ह्या खेळाला इंग्रजीत ‘रोल-प्लेइंग गेम’ असे नाव आहे. आपण त्याला भूमिकांचा खेळ म्हणू. चार-सहा जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. तो म्हणतो, “तुमच्यापुढे एका ओसाड वाड्याचे दार आहे. आतून कोणी कण्हत असल्याचा आवाज येतो. काय करता?” बाकीच्यांनी प्रत्येकी एकेका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतलेली असते : कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. जो तो आपले पात्र काय करील ते सांगतो. त्यात यश येईल की नाही ह्याची शंका असेल तेथे फासा टाकतात. फासे म्हटले की आपल्या लोकांस द्यूत आठवते व अंगावर काटा येतो. परंतु ह्यात पणाला दमडीही लावलेली नसते. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. सारा खेळ बोलण्यातच घडतो. बुद्धिबळातील हत्ती-घोडे काढून घेतले तर डाव मोडेल, तसे ह्या खेळातून शब्द काढून घेतले तर मागे काहीच उरणार नाही. म्हणूनच त्याच्या बोलीला एवढे महत्त्व आहे.

ह्या बोलीतील जुने शब्द लष्करी आहेत, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात दोन पक्षांखेरीज निवाडा देणारा एक तिसरा पंच असे. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स ह्या प्रसिद्ध ग्रंथकाराने खेळण्यातील शिपायांच्या लढायांवर ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहिले. ह्या छंदाचे लोण अमेरिकेत पोहोचले. तेथे मिनेसोटा संस्थानात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने १९६९ साली एक निराळा प्रयोग केला : नेपोलियनच्या काळातील एक गाव कल्पून त्याने खेळाडूंना पलटणींऐवजी त्या गावातील एकेक माणूस वाटून दिला. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन हा होता. त्याने ‘ब्लॅकमूर’ नावाचा एक कल्पित मुलूख व त्यातील किल्ल्याखालची भुयारे रचली. विस्कॉन्सिन संस्थानातील लेक जिनीव्हा ह्या गावचा गॅरी गायगॅक्स त्याला येऊन मिळाला, आणि दोघांच्या नावे १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन लहान पुस्तकांच्या रूपाने एका पेटीत घालून विक्रीस निघाला. पहिल्या खेपेस पेट्या अवघ्या १,००० होत्या व किंमत १० डॉलर होती. नंतर असे शेकडो खेळ निघाले. परंतु बोली बव्हंशी ह्या एका पेटीतून निघालेली आहे.

आता शब्दांकडे वळू. अनेक बैठकांतून चालणाऱ्या एकाच कथेला हे लोक ‘कॅम्पेन’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘कॅम्पस’ म्हणजे मैदान. फौज छावणी सोडून मैदानात उतरली की तिची कॅम्पेन सुरू झाली. आपल्या ‘मोहीम’ शब्दाचा प्रवासही असाच झाला आहे : पूर्वी मोहिमेवर फौज निघे, हल्ली स्वच्छतेचीही मोहीम निघते. ‘डंजन’ ह्या शब्दाची कथा त्याहून मौजेची आहे. जुन्या फ्रेंच भाषेत ‘दोंझों’ म्हणजे किल्ल्याचा मुख्य बुरूज, किल्लेदाराची राहण्याची जागा. आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘दोमिनुस’ म्हणजे धनी ह्या शब्दात सांगतात. बुरुजात कैदी ठेवू लागले, तसा शब्द माडीवरून तळघरात उतरला व त्याचा अर्थ अंधारकोठडी असा झाला. सूत्रधाराला ह्या खेळात ‘डंजन मास्टर’ म्हणतात, म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीने धन्याच्या घराचा धनी! १९७४ च्या मूळ पुस्तकांत मात्र ही पदवी नाही. तेथे पंचाला साधे ‘रेफरी’ म्हटले आहे. नवे नाव खेळाडूंच्या तोंडी पुढे रुळले.

‘हिट पॉइंट’ अथवा ‘एचपी’ म्हणजे पात्राच्या अंगी किती घाव सोसण्याचे बळ शिल्लक आहे तो आकडा. पूर्वीच्या युद्धखेळात घाव लागला की शिपाई पटावरून उचलावयाचा, एवढाच नियम असे. शिसाच्या शिपायाबद्दल कोण रडतो? परंतु आर्नेसनच्या मंडळीत प्रत्येकाचे एकच पात्र होते, त्याला नाव होते, आणि ते एका फाशासरशी मेलेले कोणालाच रुचेना. तेव्हा पोलादी युद्धनौकांच्या खेळासाठी आपण पूर्वी केलेल्या नियमांतून ही कल्पना उचलली, असे आर्नेसनने पुढे सांगितले आहे : नौका पहिल्या गोळ्याने बुडत नाही, तिला अनेक भोके पडावी लागतात. सारांश, लोकांना आपल्या पात्राचा लळा लागला म्हणून हा शब्द जन्मास आला. आज मोबाइलवरील खेळात ज्याच्या त्याच्या डोक्यावर जी हिरवी-तांबडी पट्टी दिसते, ती ह्या एचपीचीच संतती होय.

‘लेव्हल’ ह्या शब्दाने मात्र फार घोटाळा केला. पात्र अनुभवाने वाढते, तेव्हा त्याची लेव्हल चढते. मंत्र सोपा की अवघड, ह्यालाही लेव्हल. भुयाराचा मजला, तीही लेव्हल. आणि राक्षस किती भयंकर, त्याचीही लेव्हल. गायगॅक्सने १९७८ च्या पुस्तकात लिहिले आहे, की ह्यांना निरनिराळी नावे द्यावी असा विचार झाला होता, परंतु एव्हाना सर्वांच्या जिभेवर एकच शब्द बसला असल्यामुळे तो बेत सोडून द्यावा लागला. ज्याने खेळ निर्मिला त्यालाही खेळाच्या बोलीपुढे मान तुकवावी लागली! व्याकरण शिकविणाऱ्या आम्हां लोकांना ही गोष्ट सुखाची नाही. पण ती खरी आहे.

फाशांची बोली गणिताच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहावी. ह्या खेळात सहा पृष्ठांच्या फाशाखेरीज चार, आठ, बारा व वीस पृष्ठांचे फासे लागतात. भूमितीत ज्या पाच सुसम घनाकृती सांगितल्या आहेत, त्याच ह्या पाच. दहा पृष्ठांचा फासा मागाहून आला व तो त्या कुळातला नव्हे. आरंभीच्या काळी असे फासे खेळण्यांच्या दुकानांत मिळत नसत. शाळांना शिक्षणसाहित्य पुरविणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका व्यापाऱ्याकडून ते मागवावे लागत. फाशाला ‘डी’ म्हणून त्यापुढे पृष्ठांची संख्या घालतात : डी-वीस, डी-सहा. ‘तीन डी सहा’ म्हणजे सहाचे तीन फासे टाकून बेरीज घ्यावयाची. ही बेरीज ३ पासून १८ पर्यंत येते, परंतु सर्व बेरजा सारख्या संभवाच्या नाहीत. एकंदर २१६ प्रकारांपैकी १८ एकाच प्रकाराने येते, तर १० ही २७ प्रकारांनी येते. म्हणून ह्या रीतीने घडविलेली पात्रे बहुधा मध्यम कुवतीची निघतात व एखादाच भीम जन्मास येतो. डी-वीसवर प्रत्येक आकडा सारखाच संभवनीय. त्यावर २० पडले तर ‘नॅचरल ट्वेंटी’ म्हणून सगळे टेबल ओरडते.

एवढी माहिती झाली म्हणजे माझ्या हाती आलेला तो भयंकर मजकूर आपोआप उलगडतो. मुलाचे पात्र एक म्हातारी धर्मोपदेशिका होती, म्हणून ती ‘आजी’. लढाईत तिचे एचपी शून्यावर आले. अशा वेळी हल्लीच्या नियमाप्रमाणे पाळी येईल तेव्हा डी-वीस टाकावयाचा. १० किंवा अधिक पडले तर यश, कमी पडले तर ‘फेल’. तीन यशे आधी आली तर जीव वाचतो, तीन फेल आधी झाले तर पात्र मरते. म्हातारी दोनदा फेल झाली होती आणि बैठक तेथेच संपली होती. पुढचा शुक्रवार येईतो तो मुलगा आठवडाभर त्या वीसांपैकी अकरा संधींची आशा मनात धरून हिंडत होता. आणि ‘पळावे का’ हा प्रश्न त्याच्या एका सोबत्याचा होता. कारण कोणीच पळाले नाही तर ‘टीपीके’ व्हावयाचा, म्हणजे सगळीच्या सगळी टोळी गारद. मी फाडला तो कागद ‘कॅरेक्टर शीट’ होता. पात्राचे नाव, गुणांचे आकडे, सामानसुमान, शत्रू, मित्र, सगळे त्यावर टिपलेले असते. तो वर्षभराच्या शुक्रवारांनी भरला होता.

म्हातारी धर्मोपदेशिका हातात तलवार न धरता गदा धरीत असे. हाही एक जुना संकेत आहे. मूळ नियमांत ‘क्लेरिक’ म्हणजे धर्मपुरुषाला धारेची शस्त्रे वर्ज्य होती; धर्माधिकाऱ्याने रक्त सांडू नये, ह्या मध्ययुगीन समजुतीचा तो पडसाद. बायो येथील प्रसिद्ध भरतकामाच्या पटात बिशप ओडो हातात सोटा घेऊन घोड्यावर बसलेला दाखविला आहे, त्यावरून ही समजूत बळावली. गदेने डोके फुटले तर रक्त येत नाही, असे कोणत्या वैद्याने सांगितले कोण जाणे!

काही शब्द नामशेषही झाले. ‘थॅको’ हा त्यातला एक. समोरच्याचे चिलखत शून्य आकड्याचे असेल तर त्याला घाव लागण्यास फाशावर किती पडले पाहिजे, त्या संख्येचे हे आद्याक्षरी नाव. त्या पद्धतीत चिलखत जितके चांगले तितका त्याचा आकडा लहान, शून्याखालीही उतरणारा. म्हणजे दर वेळी वजाबाकी आली. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने ही रीत उलटविली व थॅको गेला. हल्ली हा शब्द उच्चारणारा मनुष्य पन्नाशीकडे झुकलेला आहे असे खुशाल समजावे.

परंतु मला ह्या बोलीत जे खरे वाटले ते निराळेच आहे. तिच्यात तलवारी आणि राक्षस ह्यांच्या नावांपेक्षा माणसांनी एकमेकांशी कसे वागावे व कसे वागू नये ह्याबद्दलचे शब्द अधिक धारदार आहेत. ज्या खेळात हारजीत नाही आणि शिट्टी वाजविणारा परका पंच नाही, तेथे अन्यायाला नाव ठेवावयाचे तर ते खेळाडूंनीच ठेवले पाहिजे. आणि त्यांनी ते ठेवले आहे. पुस्तकातील कलमे काढून पदोपदी हुज्जत घालणाऱ्याला ‘रूल्स लॉयर’ म्हणतात, नियमांचा वकील. (असे दोन वकील माझ्या दहावीच्या वर्गातही आहेत, गुणांच्या बेरजा तपासण्याच्या दिवशी त्यांची वकिली रंगात येते.) आपलेच पात्र बलाढ्य व्हावे म्हणून कथेचा व सोबत्यांचा विचार न करणारा तो ‘मंचकिन’. हा शब्द एल. फ्रँक बॉम ह्यांच्या १९०० सालच्या ओझच्या जादूगाराच्या कथेतून आला. तेथे मंचकिन हे बुटके, निरुपद्रवी, सालस लोक आहेत. बिचाऱ्यांचे नाव आपमतलबी खेळाडूंना चिकटले. गावोगाव भटकत दिसेल त्याला मारून लुटण्याखेरीज ज्या पात्रांना दुसरा उद्योग नाही, त्यांना ‘मर्डर होबो’ म्हणतात. होबो म्हणजे अमेरिकेत मालगाड्यांवर चढून कामधंद्यासाठी हिंडणारा बिऱ्हाडशून्य मनुष्य.

दोष काय खेळाडूंचेच असतात? सूत्रधारालाही ही बोली सोडीत नाही. जो सूत्रधार आपली ठरविलेली कथा मोडू नये म्हणून खेळाडूंना दुसरा मार्गच ठेवीत नाही, तो ‘रेलरोडिंग’ करतो : गाडी रुळावरून जाणार, उतारू काहीही म्हणोत. मुलांनी हा शब्द समजावून देताना एकमेकांकडे पाहून हसू दाबले. कारण विचारता एक जण धीर करून म्हणाला, “सर, निबंधाचे मुद्दे तुम्हीच फळ्यावर लिहून देता ना, तसे.” ह्याच्या उलट, खेळाडूंना वाटेल तिकडे जाऊ देणाऱ्या मोकळ्या मुलखाला ‘सँडबॉक्स’ म्हणतात, मुलांच्या वाळूच्या हौदासारखा. हात सैल सोडून खजिने उधळणाऱ्या सूत्रधाराची मोहीम ती ‘माँटी हॉल’ मोहीम. ह्यात श्लेष आहे : माँटी हॉल हे अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर १९६३ साली सुरू झालेल्या एका बक्षिसांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक, आणि ‘हॉल’ हा उच्चार जरा ओढून, निराळ्या वर्णांनी लिहिला, की त्याचा अर्थ लुटीचे घबाड असा होतो.

‘मेटागेमिंग’ ह्या शब्दावर तर तर्कशास्त्राचा एक तास घेता येईल. ट्रोल नावाच्या राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात, त्याला आगीने अथवा आम्लानेच मारावे लागते. हे खेळाडूने पुस्तकात वाचलेले असते, पण त्याच्या पात्राने तर जन्मात ट्रोल पाहिलेला नसतो. अशा वेळी खेळाडूने पात्राच्या हाती पहिल्याच क्षणी मशाल दिली, तर ते मेटागेमिंग. आपल्याला जे ठाऊक आहे आणि आपण ज्याच्या जागी उभे आहोत त्याला जे ठाऊक आहे, ह्यांतील भेद पाळावयाचा. इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना हाच दोष मला शेकड्याने आढळतो. पानिपतावर भाऊसाहेबांनी काय करावयास हवे होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना शेवट माहीत असल्यामुळे फार सोपे वाटते.

सूत्रधार पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासा टाकतो. पडलेला आकडा कथेच्या अगर एखाद्या हिरमुसल्या खेळाडूच्या सोयीसाठी तो गुपचूप बदलून सांगतो, ह्याला ‘फज’ करणे म्हणतात. हे योग्य की अयोग्य? माझ्या चार शिक्षकांत ह्यावरून अर्धा तास कडाक्याचे भांडण झाले. एकाचे म्हणणे, फासा टाकलात तर त्याचे ऐका, नाही तर टाकू नका. दुसऱ्याचे म्हणणे, नव्याने आलेल्या पोराचे पात्र पहिल्याच दिवशी मारून काय मिळणार? माझे स्वतःचे मत पहिल्याच्या बाजूचे आहे. तथापि परीक्षेत चौतीसचे पस्तीस करणारा हात कोणाचा, असे मला कोणी विचारू नये.

खेळ सुरू करण्यापूर्वी एक बैठक केवळ बोलणी करण्यासाठी ठेवण्याचा प्रघात आता पडला आहे. तिला ‘सेशन झीरो’ म्हणजे शून्यावी बैठक म्हणतात. कोणते विषय ह्या टेबलावर मुळीच आणावयाचे नाहीत, आणि कोणते पडद्याआड ठेवून पुढे जावयाचे, हे तीत ठरवितात. पहिल्यांना ‘लाइन’ व दुसऱ्यांना ‘व्हेल’ असे नाव आहे. पालकांनी आपल्या मुलास ह्या बैठकीत काय ठरले एवढे विचारले, तरी त्यांची अर्धी काळजी दूर होईल.

आणि काळजी वाटणे स्वाभाविक आहे, हे मी जाणतो. ख्रिस्ती मंडळींत तर तिला इतिहासही आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती घरांत ह्या खेळाविषयी मोठी धास्ती पसरली. पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या एका मातेने १९८३ साली ह्या खेळाविरुद्ध एक संस्था काढली. तिच्या नावाची आद्याक्षरे जुळविली असता ‘वाईट’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द होत असे. त्या मातेच्या दुःखाची थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु मुलांच्या मृत्यूंशी ह्या खेळाचा कार्यकारणसंबंध पुढे सिद्ध झाला नाही. धास्तीचा बराचसा भाग शब्दांवर उभा होता. पुस्तकांत डीमन, डेव्हिल हे शब्द होते. ते कशासाठी आहेत, त्यांच्याशी पात्रे लढतात की त्यांना भजतात, ह्याची चौकशी करण्यास फार थोडे लोक थांबले. शेवटी १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून प्रकाशकांनी ते शब्द गाळले, आणि तेच प्राणी पुढे ‘टानारी’ व ‘बाटेझू’ अशी नवी नावे धारण करून परत आले! २००० साली जुनी नावेही पुन्हा आली. नाव बदलल्याने सैतान साधू होत नाही, आणि नाव उच्चारल्याने मुलगा सैतानाचा होत नाही, ह्यांपैकी पहिले आपण सगळे मानतो. दुसरे मानण्यास मला स्वतःला दोन महिने लागले.

ह्या खेळाडूंत एक जुनी विनोदी कथा फिरत असते. सूत्रधार म्हणतो, “समोर टेकडीवर एक गझीबो दिसतो.” गझीबो म्हणजे बागेतला छत्रीवजा मंडप. एका खेळाडूला तो शब्द ठाऊक नसतो. तो त्याला हाक मारतो. गझीबो उत्तर देत नाही. तो त्याला बाण मारतो. बाण त्यात रुतून बसतो, तरी गझीबो हलत नाही. खेळाडूची भीती वाढतच जाते. सूत्रधार परोपरीने सांगतो, “अरे, तो गझीबो आहे!” आणि अखेर वैतागून म्हणतो, की गझीबो जागा झाला व त्याने तुला गिळले. मुलांनी ही कथा मला सांगितली तेव्हा सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, पण त्या फाडलेल्या कागदाची आठवण होऊन हसू अर्ध्यावर थांबले.

सर्वांत फसवा शब्द मात्र ह्या बोलीच्या कोणत्याच कोशात सापडत नाही. तो शब्द म्हणजे ‘मी’. “मी त्याला मारले”, “मी मेलो”, “मी देवळातून मुकुट चोरला”, असे टेबलाशी बसलेला मुलगा सहज बोलतो, आणि दाराशी उभ्या असलेल्या आईच्या काळजाचा ठोका चुकतो. हा ‘मी’ पात्राचा आहे की स्वतःचा, हे ऐकणाऱ्या सोबत्यांना आवाजावरून, नजरेवरून, संदर्भावरून कळते. परक्याला कळत नाही. म्हणून त्यांनी ‘इन कॅरेक्टर’ व ‘आउट ऑफ कॅरेक्टर’ असे दोन शब्दसमूह केले आहेत. भूमिकेतले बोलणे आणि भूमिकेबाहेरचे. “समोसे आले का?” हे भूमिकेबाहेरचे.

येथे आपल्या मराठीने एक अशी गंमत केली आहे, की जी मूळ इंग्रजीत संभवतच नाही. इंग्रजीतल्या ‘आय गो’मध्ये बोलणारा पुरुष की स्त्री, हे क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ ह्यांतून एक निवडलेच पाहिजे. आमच्या ह्या मुलाचा आवाज नुकताच फुटलेला, ओठावर लव आलेली, आणि तो टेबलाशी बसून म्हणे, “मी दार उघडते.” पहिल्या दिवशी सगळे हसले असतील, पण पुढे ‘उघडते’ म्हटले की आजी बोलते आणि ‘उघडतो’ म्हटले की तो स्वतः बोलतो, असा स्वच्छ भेद त्यांच्या टेबलावर आपोआप रुळला. इंग्रजांना ज्यासाठी दोन शब्दसमूह घडवावे लागले, ते आमच्या एका प्रत्ययाने साधले. तसेच ‘आपण’ आणि ‘आम्ही’. टोळीतले आपसांत “आपण मागच्या दाराने जाऊ” असे म्हणतात, आणि सूत्रधाराकडे वळून “आम्ही मागच्या दाराने जातो” असे म्हणतात. ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला आहे, ‘आम्ही’त तो वगळलेला आहे. इंग्रजीच्या ‘वुई’ला हा भेद येत नाही. हा नियम मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याचा एवढा जिवंत उपयोग मला ह्या मुलांनी दाखविला. बाकी त्यांची नामे इंग्रजी असली तरी क्रियापदे अस्सल घरची : क्रिट ‘बसतो’, सेव्ह ‘लागतो’, लेव्हल ‘चढते’, आणि नशीब फिरले की फासा ‘रुसतो’.

काही शब्द आता टेबल सोडून जगभर पसरले आहेत. सूत्रधार ज्या किरकोळ पात्रांचे बोलणे स्वतः बोलतो, दुकानदार, पहारेकरी, वाटसरू, त्यांना ‘एनपीसी’ म्हणतात. हा शब्द संगणकावरच्या खेळांत गेला, आणि तेथून तरुणांच्या तोंडी शिवी होऊन बसला : ज्याला स्वतःची मते नाहीत तो एनपीसी. मधल्या सुट्टीत हा शब्द आमच्या आवारातही ऐकू येतो. टेबलावर मात्र त्यात तुच्छता नाही. उलट चांगला सूत्रधार एखाद्या पाणक्यालाही नाव, गाव आणि खोकला देतो, व खेळाडू पुढे वर्षभर त्याची विचारपूस करतात.

मी त्या मुलाची क्षमा मागितली. वह्यांत शोधून व सोबत्यांच्या आठवणी जुळवून त्यांनी तो कागद पुन्हा लिहून काढला. मीही शेजारी बसून अक्षर लावण्यास मदत केली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला बोलाविले. बोळातून जाणाऱ्या एका तेल्याची भूमिका माझ्या वाट्यास आली, म्हणजे मी एनपीसी झालो. आजीचा तिसरा फासा टाकण्याचा मान त्यांनी मला दिला. तेरा पडले. तेवढ्याने ती वाचली नाही, आणखी दोन यशे हवी होती. पण सगळे टेबल असे गरजले, की शेजारच्या खोलीतून घरची खरी आजी काय झाले म्हणून पाहावयास आली.

सोमवारी शाळा सुटल्यावर तो मुलगा माझ्या टेबलाशी वही ठेवून दाराकडे वळला आणि आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, “येते हं, सर.” मग जीभ चावून तो पळाला, आणि सगळा व्हरांडा हसत सुटला.